विश्लेषण : शिक्क्याची शाई पाण्यात का पसरते? शुभेच्छापत्र रंगवताना तीच कशी कामी येते?

तहसील कार्यालयातून आणलेला दाखला पावसात थोडासा भिजतो. छापलेली अक्षरे जागच्या जागी राहतात, बॉलपेनने केलेली सहीही टिकते. पण खालचा जांभळा गोल शिक्का ओघळून कागदभर पसरतो आणि नव्या प्रतीसाठी पुन्हा हेलपाटा घालावा लागतो. हाच ओघळ हस्तनिर्मित शुभेच्छापत्रे करणारे मुद्दाम घडवून आणतात. रबरी शिक्क्याने पणती, आकाशकंदील किंवा पतंग कागदावर उठवायचा आणि रंगपेटी न उघडता, नुसत्या ओल्या ब्रशने त्या रेघेतलीच शाई ओढून चित्र रंगवायचे. पद्धत दिसायला सोपी आहे, पण अनेकांची पहिली पाच-सहा कार्डे वाया जातात. ती का जातात, याचे उत्तर शाईच्या रसायनात, कागदाच्या खळीत आणि काही अंशी अहिल्यानगर जिल्ह्याच्या कोरड्या हवेत आहे.

शिक्क्यांचा विषय नगरकरांच्या ओळखीचा कसा?

ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. अहिल्यादेवी होळकर यांचे जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. नाव बदलले की पाट्या बदलतात, लेटरहेड बदलतात आणि जिल्ह्याचे नाव असलेले शिक्केही बदलावे लागतात. ग्रामपंचायत, शाळा, सोसायटी, पतसंस्था, दवाखाना अशा प्रत्येक ठिकाणच्या टेबलावर एक-दोन शिक्के असतातच. त्यामुळे न्यायालये आणि तहसील कार्यालयांच्या आसपास शिक्के बनवून देणारी जी छोटी दुकाने असतात, त्यांची ओळख गावोगावच्या लोकांना आहे.

या दुकानांतले काम गेल्या काही वर्षांत पूर्ण बदलले. पूर्वी शिशाचे खिळे जुळवून मजकूर तयार करत, त्याचा साचा घेत आणि त्यावर कच्च्या रबराची पट्टी ठेवून गरम प्रेसमध्ये दाबत. उष्णतेने रबरातल्या गंधकाचे बंध जुळतात आणि मऊ, चिकट रबर टणक पण लवचीक होते. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये सापडलेली व्हल्कनायझेशनची क्रिया ती हीच. आता संगणकावर चित्र काढून लेझर यंत्राने रबर कोरतात, किंवा अतिनील प्रकाशात घट्ट होणारे फोटोपॉलिमर वापरतात. खिळ्यांच्या जमान्यात ‘अध्यक्ष’ आणि ‘सचिव’ यापलीकडे फारसे काही मिळत नसे. लेझरला मात्र अक्षर काय आणि नऊवारीतली बाई काय, दोन्ही सारखीच. त्यामुळे स्वतःच्या चित्राचा शिक्का बनवून घेणे आता तालुक्याच्या गावातही अवघड राहिलेले नाही.

शिक्का सांगताना मात्र एक गोष्ट विचारून घ्यावी लागते. ‘फ्लॅश’ किंवा आतच शाई भरलेला शिक्का या कामाला चालत नाही. त्याचा पृष्ठभाग सच्छिद्र असतो आणि आतली शाई बहुधा तेलकट असते. कागदावर ठसा सुबक उमटतो, पण पाणी कितीही फिरवले तरी ती जागची हलत नाही. लाकडी मुठीचा, वेगळ्या पॅडवर दाबायचा साधा रबरी शिक्काच हवा.

(जुन्या नावाचे रद्द झालेले कार्यालयीन शिक्के ‘असेच मुलांना खेळायला’ देण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. फसवणुकीच्या हेतूने बनावट शिक्का बनवणे किंवा जवळ ठेवणे हा गुन्हा आहे आणि खराखुरा शिक्का भलत्याच हातात पडला तर काय होईल, हे सांगायला नको.)

शाई नेमकी का विरघळते?

शाईला रंग देणारे पदार्थ ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिला डाय. तो पाण्यात साखरेसारखा विरघळतो, त्याचा एकेक रेणू पाण्यात सुटा होतो. दुसरा पिगमेंट. तो पाण्यात विरघळत नाही. हळदीच्या पुडीसारखे त्याचे बारीक कण पाण्यात तरंगत राहतात आणि कागदाला चिकटून बसण्यासाठी त्यांना राळ किंवा डिंकासारखा पदार्थ लागतो.

कार्यालयातल्या स्टॅम्प पॅडची नेहमीची शाई म्हणजे पाणी, ग्लिसरीन आणि डाय. ग्लिसरीन हवेतली ओल धरून ठेवते, म्हणून झाकण थोडा वेळ उघडे राहिले तरी पॅड वाळत नाही. ओळखीचा जांभळा रंग येतो तो मिथाइल व्हायोलेट या कुळातल्या रंगांपासून. विल्यम पर्किन या १८ वर्षांच्या विद्यार्थ्याला १८५६ मध्ये लंडनमध्ये योगायोगाने पहिला कृत्रिम जांभळा रंग सापडला आणि पाठोपाठ १८६१ मध्ये मिथाइल व्हायोलेट आले. तोंड आले की आजी जे जांभळे औषध लावायची, तेही याच कुळातले.

ठसा उमटला की पाणी आणि ग्लिसरीन कागदात मुरते आणि डाय तंतूंवर बसतो. तो तिथे कायमचा जोडला जात नाही, नुसता बसलेला असतो. पुन्हा पाणी मिळाले की पुन्हा विरघळतो आणि पाणी जिकडे जाईल तिकडे जातो. दाखल्याचे नुकसान होते ते यामुळेच आणि कार्डावर रंग भरता येतो तोही यामुळेच.

ओल्या ब्रशने रंगवायचे कसे?

समजा, केशरी डाय शाईने पणतीचा ठसा उमटवला. मिनिटभर थांबायचे. दोन किंवा चार नंबरचा गोल ब्रश पाण्यात बुडवून फडक्यावर टेकवायचा. टोकावर थेंब लोंबत असेल तर पाणी जास्त आहे. मग ब्रशचे टोक रेघेच्या आतल्या कडेला लावून रंग आतल्या बाजूला ओढायचा. रेघेजवळ रंग गडद राहतो आणि मध्याकडे येता येता फिका होतो. पणतीच्या पोटाला आपोआप गोलाई येते. मध्यापर्यंत जायचेच नाही, तिथे कागद कोरा ठेवायचा, कारण चकाकी दाखवते ती त्या कोऱ्या जागेचीच. प्रत्येक भाग झाला की ब्रश धुवायचा. नाहीतर पणतीचा केशरी रंग शेजारच्या पानात उतरतो.

ज्योतीला मात्र उलटे करावे लागते. तिथे रंग बाहेरच्या बाजूला ओढायचा. रेघेपासून बाहेर विरत गेलेला पिवळा-केशरी रंग उजेडासारखा दिसतो. आकाशकंदिलालाही हीच युक्ती चालते.

या पद्धतीत सगळ्यात जास्त मोह होतो तो पुन्हा एकदा ब्रश फिरवण्याचा. पहिला हात अर्धवट वाळलेला असताना त्यावर पाणी गेले, की नवे पाणी जुन्या रंगाला ढकलत बाहेर नेते आणि मधोमध दातेरी कडांचा डाग पडतो. तो पुसता येत नाही. एकतर ओले असतानाच काम संपवायचे, नाहीतर पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही.

काळी शाई वापरली तर वेगळीच गंमत होते. बऱ्याच काळ्या डाय शायांमध्ये ‘काळा’ असा एकच रंग नसतो, दोन-तीन रंगांची ती मिसळ असते. पाण्याने ओढताच त्यातले रंग कमी-अधिक वेगाने सरकतात आणि काळ्या रेघेशेजारी निळसर किंवा जांभळट छटा उमटते. शाळेच्या प्रयोगशाळेत गाळणकागदाच्या पट्टीवर स्केचपेनचा ठिपका देऊन ती पाण्यात उभी करतात, तोच हा क्रोमॅटोग्राफीचा प्रयोग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिखाईल त्स्वेट या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने पानांतले रंग याच तत्त्वावर वेगळे केले होते. कावळा किंवा पावसाळी ढग रंगवायचा असेल तर अशी शाई मुद्दाम निवडावी. मुलीच्या चेहऱ्याला मात्र ती नको, गालावर निळे वळ उठतात.

कागदाने इतका फरक पडतो?

शाईपेक्षाही जास्त. झेरॉक्सचा ७० किंवा ८० जीएसएमचा कागद पाणी लागताच फुगतो, कारण ओलीने कागदाचे तंतू जाड होतात आणि पातळ कागदाला तो ताण पेलत नाही. टीपकागदावर तर ब्रश लावण्याआधीच ठसा फुटतो. गुळगुळीत चकचकीत कार्डावर उलट अडचण येते. शाई मुरतच नाही, वरच राहते आणि पहिल्याच स्पर्शाला रेघेसकट सगळे पुसून निघते.

हवा असतो तो मधला कागद, म्हणजे पाणी काही सेकंद वर ठेवणारा आणि मग हळूहळू आत घेणारा. हे काम कागदाची खळ करते. सुती साडीला खळ दिली की ती जशी कडक होते आणि पाण्याचा थेंब लगेच शोषत नाही, तसेच कागदाचे. कारखान्यात ही खळ लगद्यातच मिसळतात किंवा तयार कागदावर चढवतात. जलरंगाच्या कागदाला ती पुरेशी असते, म्हणून तो महाग असूनही पुरवतो. शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांच्या सरावातून उरलेला जाड कार्ट्रिज कागदही सुरुवातीला चांगला चालतो.

खळीची गोष्ट या भागाला नवी नाही. अहिल्यानगरच्या पश्चिमेला जुन्नर आणि ईशान्येला दौलताबाद ही दोन्ही ठिकाणे एकेकाळी हातकागदासाठी प्रसिद्ध होती. पेशवाईच्या दप्तरांमुळे जुन्नरी आणि दौलताबादी ही कागदांची नावे अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. तयार कागदाला खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने तो घोटायचा, अशी रीत होती. न घोटलेल्या कागदावर बोरूची रेघ फुटायची. कारण तेव्हाही हेच होते, तंतूंमधल्या बारीक वाटांनी शाई ओढली जायची.

पुण्यात १९४० मध्ये के. बी. जोशी यांनी गांधीजींच्या प्रेरणेने हातकागद संस्था सुरू केली. सुती कापडाच्या चिंध्यांपासून बनणारा असा हातकागद शुभेच्छापत्रांसाठी आजही आवडीने वापरला जातो. पाकळ्या किंवा गवताच्या काड्या घातलेला कागद दिसतो छान, पण खडबडीतपणामुळे त्यावर बारीक रेघांचा शिक्का तुटक उमटतो आणि प्रत्येक ताव सारखेच पाणी पितो असेही नाही. म्हणून शंभर कार्डांचे काम घेण्याआधी त्याच गठ्ठ्यातल्या कागदाच्या तुकड्यावर ठसा आणि पाणी दोन्ही तपासून पाहणे गरजेचे. गणपती-दिवाळीच्या सुमारास प्रदर्शनात विक्रीसाठी कार्डे करणाऱ्या बचत गटांचे पैसे इथेच अडकतात. नमुना एका कागदावर दाखवलेला असतो आणि माल दुसऱ्याच कागदावर होतो.

कोरड्या हवेचा संबंध काय?

जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. मार्च-एप्रिलमध्ये पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे हवा इतकी कोरडी असते की ब्रश फिरवून होईपर्यंत पहिली कड वाळलेली असते. वाळताना पाणी कडेने आधी उडून जाते. उडालेल्या पाण्याची जागा घ्यायला मधले पाणी कडेकडे वाहते आणि सोबत रंग नेते. म्हणून डागाचा काठ गडद आणि मध्य फिका होतो. वर्तमानपत्रावर ठेवलेल्या चहाच्या कपाखाली जे वर्तुळ उमटते, तेही असेच बनते. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या कॉफीच्या डागाचे भौतिकशास्त्र उलगडून दाखवले होते. चहाचा डाग त्यांच्या मनात आला नसावा, इतकेच.

उपाय साधे आहेत. पंखा बंद ठेवावा, उन्हात काम करू नये, एका वेळी लहान भागच ओला करावा. याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, घाटघर-रतनवाडीच्या बाजूला पावसाळ्यात अगदी उलट परिस्थिती असते. तिथे कागद आधीच दमट असतो, ठसा उमटवतानाच रेघ जाडसर होते आणि रंग वाळायला फार वेळ लागतो. तिथे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवणे आणि पाणी आणखी कमी घेणे, एवढेच हातात असते.

रेघ अजिबात हलू नये असे वाटत असेल तर?

मग शाई बदलायची. पिगमेंट शाईने ठसा उमटवून पूर्ण वाळू दिला, की वरून जलरंग भरता येतात आणि रेघ ठळक राहते. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकही चालते, पण तिच्यातली लाख शिक्क्याच्या बारीक खाचांत वाळून बसते. ठसा घेतल्या घेतल्या शिक्का धुतला नाही तर तो कायमचा बुजतो. तिसरा मार्ग एम्बॉसिंग पावडरचा. ओल्या ठशावर राळेची बारीक पूड टाकायची, जादा पूड झटकायची आणि उष्णता द्यायची. पूड वितळून उंचवट्याची चकचकीत रेघ तयार होते आणि शेतातल्या बांधासारखी पाणी अडवते. केस वाळवायच्या ड्रायरने हे सहसा साधत नाही, त्याला हीट गनच लागते.

शुभेच्छेच्या मजकुरासाठी हे विशेष महत्त्वाचे. देवनागरीतल्या मात्रा, रफार आणि अनुस्वार बारीक असतात. ‘शुभ दीपावली’ डाय शाईने उमटवून शेजारी ओला ब्रश फिरला, तर उकार आणि वेलांट्या आधी जातात. चित्र डाय शाईत आणि अक्षरे पिगमेंटमध्ये, असा दोन पॅडचा हिशेब ठेवला की हा घोळ होत नाही.

विकतचा शिक्का नसेल तर?

प्राथमिक शाळेत कार्यानुभवाच्या तासाला भेंडी, कांदा आणि बटाटा कापून केलेले ठसेकाम बहुतेकांना आठवत असेल. तेच थोडे पुढे न्यायचे. मोठ्या खोडरबरावर पेन्सिलीने चित्र काढून धारदार ब्लेडने कोरले, की बऱ्यापैकी टिकाऊ शिक्का होतो. अक्षरे उलटी कोरावी लागतात, आणि इथे पुष्कळजण गोंधळतात. सोपी वाट अशी : ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने मजकूर सुलटा लिहायचा, तो कागद पालथा खोडरबरावर ठेवून नखाने घासायचा. खोडरबरावर आपोआप उलटे अक्षर उतरते. कोरताना शिरोरेघ जाड ठेवावी, ती आधी तुटते. ब्लेडचे काम अर्थातच मोठ्यांनी करायचे. आणि स्टॅम्प पॅडची शाई लहान मुलांच्या तोंडात जाणार नाही, हेही पाहायचे. कपड्यावरचा डाग नंतरची गोष्ट.

शिक्का धुताना थिनर किंवा पेट्रोल वापरू नये, त्याने रबर फुगते. ओले फडके, थोडा साबण आणि जुना टूथब्रश पुरेसा आहे. उन्हात ठेवलेला शिक्का कडक होतो आणि मग ठसा अर्धाच उमटतो.

ही कार्डे टिकतात का?

याबाबतीत कार्ड करणारे सहसा ग्राहकाला सगळे सांगत नाहीत. जांभळ्या शाईतले डाय प्रकाशात लवकर विटतात. खिडकीजवळच्या शोकेसमध्ये लावलेले कार्ड काही महिन्यांतच फिके पडू शकते. वहीत किंवा अल्बममध्ये, अंधारात ठेवलेले बराच काळ राहते. कुणाच्या लग्नाच्या पन्नाशीला किंवा आजोबांच्या पंच्याहत्तरीला द्यायचे कार्ड असेल आणि ते चौकटीत लावले जाणार असेल, तर डायऐवजी पिगमेंट शाई आणि जलरंगच वापरावेत. पाण्याने ओढलेल्या छटेची मजा त्यात नाही, पण दहा वर्षांनी कार्ड कोरे दिसणार नाही.

दुसरी गडबड चिकटवताना होते. पांढऱ्या गोंदात पाणी असते. चित्राच्या पाठीमागे तो सढळ हाताने लावला, तर ओल कागदातून वर येते आणि झालेले चित्र डोळ्यांदेखत पसरते. दुहेरी चिकटपट्टी वापरली की प्रश्न मिटतो.

मोबाइलवरच्या संदेशांआधी संक्रांतीला छोटी भेटकार्डे पोस्टाने यायची. कार्डाला चिकटवलेल्या इवल्याशा पुडीत तिळगूळ किंवा हलव्याचे चार दाणे असत. तसे कार्ड आज कुणाला धाडायचे असेल तर गुळाची ओल आणि डाय शाई एकमेकांना लागणार नाहीत, हे पाहावे लागेल. त्यापेक्षा कोरडा काटेरी हलवा बरा, आणि तोही प्लॅस्टिकच्या पुडीत. पाकिटावरचा पत्ता बॉलपेननेच लिहावा. शाईपेन आणि बऱ्याच जेलपेनांची शाईही पाण्यात जाते, आणि मग कार्ड कितीही सुरेख असले तरी पोस्टमनला घर सापडत नाही.

आणि भिजलेल्या दाखल्याचे काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने पाथर्डी, शेवगाव भागाला झोडपले. घरात पाणी शिरते तेव्हा आधी माणसे आणि जनावरे वाचवायची असतात. कागदांची आठवण दुसऱ्या दिवशी होते. शिक्का असलेला कागद भिजला असेल तर तो पुसू नये, पुसल्याने डाय आणखी पसरतो. टीपकागदाच्या किंवा छपाई नसलेल्या कोऱ्या कागदांच्या मध्ये तो अलगद दाबावा, कागद ओले झाले की बदलावेत आणि सावलीत सपाट ठेवून वाळवावा. शिक्के समोरासमोर येतील असे दोन दाखले एकमेकांवर ठेवू नयेत, एकाचा ठसा दुसऱ्यावर उतरतो. इस्त्री फिरवू नये. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याला सही-शिक्क्याची गरज नसते, त्याची दुसरी प्रत ऑनलाइन काढता येते. पण जुने फेरफार, शाळा सोडल्याचे दाखले आणि हाताने भरलेले जन्म-मृत्यूचे उतारे यांच्यावरचा जांभळा गोल अजूनही पाण्यात विरघळणाराच आहे. ते वाळल्यावर, रंग फिका होण्याआधी, मोबाइलवर दिवसाच्या उजेडात त्यांचे फोटो काढून ठेवावेत आणि मूळ कागद झिप लावलेल्या पिशवीत, माळ्यावर नव्हे तर कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवावेत.